मागे बसणारीने बोलायचं नाही

धाकटीने इंजिनाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"तापलंय," ती म्हणाली. "आम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवलीत वाटतं?"

गाडी विकणारे काका दारात उभे होते. मागून वहिनीने धाकटीच्या दंडाला बारीकसा चिमटा काढला. वहिनीच्या भाषेत त्याचा अर्थ होता, जरा गोड बोल.

पण प्रश्न बरोबर होता. जुनी मोटारसायकल बघायला जावं तेव्हा इंजिन थंड असावं. थंड इंजिन किती सहज सुरू होतं यावरून गाडीची तब्येत कळते. आधीच तापवलेली गाडी सुरू व्हायला फारसे आढेवेढे घेत नाही, आणि तिचं दुखणं लपून राहतं. धाकटी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, त्यामुळे गाड्यांची आणि गाडीत बसणाऱ्यांची सोंगं तिला पाठ होती.

"थंड होईपर्यंत थांबतो आम्ही."

"थांबा की. चहा टाकतो."

गाडी मोठी होती, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. समोर वारा अडवणारी उंच काच, दोन्ही बाजूंना पेट्या आणि मागे आणखी एक पेटी, जिला मागे बसणाऱ्याने पाठ टेकावी. धाकटीने वाकून साखळी पाहिली, टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं. मग मागे बसणाऱ्याच्या पाय ठेवायच्या दांड्या खाली पाडल्या. त्या कुरकुरत उघडल्या. त्यांच्या रबरावर एक ओरखडा नव्हता.

"मागे कोणी बसलंच नाही कधी?"

काकांनी चहाचे कप ओट्यावर ठेवले. "हिच्यासाठीच एवढी मोठी घेतली होती. ही रोज म्हणायची, उद्या बसते. गेली ती तशीच." त्यांनी टाकीवरची धूळ बाहीने पुसली. "तुम्ही येणार म्हणून सकाळी शेवटचा एक फेरा मारून आलो. तेव्हाचं तापलंय ते."

धाकटीने चहा घेतला आणि रिकामे कप स्वतःच आत नेऊन ठेवले. इंजिन निवलं तेव्हा गाडी पहिल्याच खटक्याला सुरू झाली. दोघी त्याच सीटवर बसून मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. गाडी सरळ चालली, नीट थांबली आणि व्यवहार ठरला.

ही खरेदी हौसेची नव्हती. वहिनीला गाडी लागायची, आणि लागायची म्हणजे साधीसुधी नाही. बसची पायरी चढली की मळमळायला लागायचं, आणि पुढे पोटात काही उरायचं नाही. गोळी घेतली तर शुद्धच हरपायची. तिची मुलगी लग्नानंतर डोंगरापलीकडच्या गावात राहत होती. पहिल्या बाळंतपणाला वहिनी बसने निघाली होती. अर्ध्या वाटेवर तिला उतरवून दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाळंतपण अवघड गेलं होतं आणि मुलगी रात्रभर आईला हाका मारत होती, असं जावयाने सांगितलं. मुलगी मात्र त्यावर कधीच बोलली नाही. वहिनीला तेच जास्त लागलं.

आता दुसरी खेप होती. डॉक्टरांनी मुलीला प्रवास करायला साफ मनाई केली होती. वहिनीने फोनवर तिला शब्द दिला होता, "या वेळी तुझ्या उशाशी मी असेन."

धाकटीच्या स्कूटरवर बसली की वहिनीला काही होत नसे. उघडा वारा तिला मानवायचा. पण स्कूटरवरून घाट ओलांडायची धाकटीची तयारी नव्हती, म्हणून ही गाडी. वहिनीचा नवरा, म्हणजे धाकटीचा दादा, आठवडाभर आधीच बसने पुढे गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, "दोघी एका गाडीवर. देव त्या गाडीचं भलं करो."

गाडी दारात आली त्या दिवशी वहिनीने सीटवर मूठ आपटली.

"ही सीट आहे की पाट? एवढ्या लांब जायचं म्हणजे माझी हाडं वेगळ्या पिशवीत न्यावी लागतील."

वहिनीचं सोफे आणि खुर्च्या मढवायचं दुकान होतं. तिने मढवलेल्या सोफ्यावरून पाहुणे उठत नाहीत, अशी तक्रार गिऱ्हाइकं करायची, आणि ती तक्रार ती मोठ्या आवडीने इतरांना ऐकवायची. तिने सीट उपसून दुकानात नेली. मागे बसणाऱ्याच्या जागी नवा फोम घातला, मागून उंच आणि पुढे उतरता, म्हणजे कंबरेला आधार मिळेल. वरून उंची तपकिरी रेक्झिन, कडेने दुहेरी शिलाई. निघायच्या सकाळी धाकटी पेट्या भरत होती तेव्हा वहिनीने सीटवर पॉलिशचा बोळा फिरवला. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती असा शेवटचा हात फिरवायचीच. त्याशिवाय काम पुरं झालं असं तिला वाटायचं नाही.

सीट आरशासारखी चमकली.

"वा," धाकटी म्हणाली. "आता यावर बसायचं की तोंड बघायचं?"

"जळतेस तू, वन्सं." चिडवायचं असलं की वहिनी तिला वन्सं म्हणायची, एरवी नुसतं धाकटे.

मग धाकटीने हेल्मेट हातात घेतलं आणि ट्रेनिंग स्कूलमधला आवाज लावला. "आता नीट ऐक. मागे बसणाऱ्याने हलायचं नाही. वळणावर माझ्याबरोबर झुकायचं, उलटं नाही. आणि बोलायचं नाही. मध्येच कोणी ओरडलं की चालवणाऱ्याचा हात चुकतो. पोतं व्हायचं, पोतं. कळलं?"

"कळलं."

"पोतं 'कळलं' म्हणत नाही."

वहिनीने ओठ मिटून मान डोलावली.

सपाट रस्त्यावर सगळं छान चाललं. वहिनीच्या पोटात काही हललं नाही. दुपारी सावलीत थांबून दोघींनी डबा खाल्ला, आणि वहिनीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रवासात पोटभर जेवून ढेकर दिली. पुढे चढ लागला. चढावर माणूस मागे सरकतं. वहिनी मागे सरकली आणि पेटीला टेकून आरामात बसली. सीट फक्कड झालीये, असं तिच्या मनात आलं. पण पोतं बोलत नाही, म्हणून तिने ते धाकटीला सांगितलं नाही.

घाटमाथ्यावर फोन वाजला. दादा होता.

"कुठवर आलात? तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय."

"माथ्यावर," वहिनी म्हणाली. "उतरतोच आहोत. तिला सांगा, आई निघालीय म्हणून. नाही, आई आलीय म्हणून सांगा."

धाकटीने हेल्मेट चढवलं.

उतार सुरू झाला. पहिल्याच वळणाला धाकटीने ब्रेक लावला आणि वहिनीचं सगळं अंग तिच्या पाठीवर येऊन टेकलं. वळण संपलं तरी ते मागे गेलं नाही. पुढच्या वळणाला आणखी पुढे आलं.

घाबरली, धाकटीला वाटलं. हे तिच्या ओळखीचं होतं. घाबरलेले शिकाऊ तिने खूप पाहिले होते. ते स्टिअरिंगला मिठी मारतात, दाराला चिकटतात, काही तर सरळ तिच्या अंगावर येतात. अशा माणसाला रागावलं तर ते जास्त आखडतं. म्हणून ती बोलली नाही. तिने पाठ ताठ केली आणि तो भार सोसत राहिली.

मागे वहिनी घाबरली नव्हती. ती घसरत होती. पॉलिश केलेलं रेक्झिन आणि पुढे उतरता फोम, त्यात घाटाचा उतार, त्यात ब्रेक. दर वळणाला ती बोटभर पुढे यायची, आणि मागे सरकायचं तर हलावं लागलं असतं. हलायचं नाही, असं बजावलेलं होतं. तिने मांड्या आवळल्या, दांड्यांवर पाय रोवले. ती गाडी शिकवते, तिला कळत असेल, वहिनी स्वतःशी म्हणत राहिली. शिवाय सीट आपणच केलेली. तिच्यावरून आपणच घसरतोय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मोटारसायकल वळवायला हात मोकळे लागतात. हँडल नुसतं धरायचं असतं, त्यावर रेलायचं नसतं. पाठीमागून वजन आलं की चालवणारा टाकीवर ढकलला जातो, हात खांबासारखे ताठ होतात आणि ताठ हातांनी हँडल वळत नाही. धाकटीचं तेच झालं होतं. त्यातून तिचा उजवा पाय. ती इतकी पुढे रेटली गेली होती की मागच्या ब्रेकवरून तिला तो पुरता उचलताच येत नव्हता. ब्रेक सारखा थोडा थोडा दाबलेला राहिला आणि तापत गेला. करपल्याचा वास आला. तिने पाय दाबून पाहिला. पॅडल भुसभुशीत मातीत जावं तसं खाली गेलं.

तिने गिअर आणखी खाली आणला. इंजिन गुरगुरलं, गाडीचा वेग मोडला आणि वहिनी अख्खीच्या अख्खी तिच्यावर आदळली.

समोर उजवं वळण होतं, पार उलट्या दिशेला वळणारं. डाव्या हाताला दरी, कडेला चुना लावलेले दगड. खालून एक ट्रक वळणात शिरला होता, तोंड त्यांच्याकडे करून.

धाकटीने हँडल वळवायला जोर लावला. हात हलेनात. गाडी वळायच्या ऐवजी सरळ त्या दगडांकडे निघाली. पुढचं चाक डांबर सोडून कडेच्या खडीवर आलं आणि खडखडलं. ट्रकचा हॉर्न कानात घुसला.

वहिनीला धाकटीच्या खांद्यावरून दगड दिसले, आणि त्यांच्या पलीकडे काहीच दिसलं नाही. ती हलली. धाकटीच्या काखांखालून दोन्ही हात पुढे घालून तिने तळवे टाकीवर टेकले आणि जड सोफे सरकवणाऱ्या खांद्यांनी स्वतःला मागे लोटलं.

"मी घसरतेय!" ती हेल्मेटमधून किंचाळली. "आता मागे गेले! वळव!"

धाकटीच्या पाठीवरचं ओझं गेलं. कोपरं वाकली. हँडल हलकं झालं आणि गाडी उजवीकडे कलली. मागे वहिनी तिच्याबरोबर कलली, शिकवलं होतं तशीच. चाक खडीवरून डांबरावर आलं. ट्रक त्यांच्या उजव्या आरशाजवळून घरघरत वर निघून गेला.

वळणापुढे थोडी मोकळी जागा होती. धाकटीने गाडी तिथे थांबवली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि ओरडली, "घाबरलीस तर सांगायचं ना!"

"कोण घाबरलं? घसरत होते मी! पहिल्या वळणापासून!"

"मग बोलली का नाहीस?"

"पोतं बोलतं का?"

धाकटी गाडीकडे वळली. तिने सीटवर हात ठेवला. हात सुळकन पुढे गेला. तिने बोटं नाकाशी नेली.

"पॉलिश?"

वहिनी दरीकडे बघत होती. "शेवटचा हात फिरवते मी. सगळ्यांवरच फिरवते. सोफा कधी घाट उतरत नाही गं."

धाकटीला हसू आलं असतं, पण तिला अजून ते दगडच दिसत होते. तिने मागच्या चाकापाशी वाकून पाहिलं. ब्रेकच्या तबकडीची धग हाताला लांबूनच लागत होती.

"हा निवेपर्यंत हलता यायचं नाही. निवला की पॅडल परत घट्ट होईल." ती थांबली. "वहिनी, तू कोणाच्या तरी मोटारीत बस. मी एकटी हळूहळू उतरते."

"मोटारीत बसले तर तिच्या उशाशी नाही, तिच्या शेजारच्या खाटेवर असेन मी. सलाइन लावून."

"मग काय करू? पुन्हा तुला मागे घेऊन तसलं वळण..." धाकटीने खालच्या वळणांकडे पाहिलं. "मला नाही वाटत मला जमेल."

रोज दुसऱ्यांना धीर देणारी ही पोरगी असं कधी बोलली नव्हती. वहिनीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. मग म्हणाली, "सीट काढून दे. आणि तुझा पेचकस दे."

किल्ली फिरवून सीट निघाली. वहिनी रस्त्याकडेला मांडी घालून बसली आणि सीट मांडीवर उलटी घेतली. रेक्झिन खालून तारेच्या पिनांनी ठोकलेलं होतं. ती एकेक पिन पेचकसाने उचकटू लागली. घाईत दोनदा तिच्या बोटात घुसली. तिने बोट तोंडात घातलं आणि काम थांबवलं नाही. कव्हर सुटलं. तिने खिशातल्या पात्याने फोमची मागची उंची कापून टाकली. कापलेला तुकडा पुढच्या बाजूला दाबून बसवला, आता उतार असलाच तर मागच्या बाजूला. मग तिने कव्हर उलटं केलं. रेक्झिनच्या आतल्या बाजूला जाडंभरडं सुती कापड असतं, धरून ठेवणारं. चमकती तपकिरी बाजू आत गेली. दुहेरी शिलाईही आत गेली. बाहेर आल्या शिवणीच्या कडा आणि लोंबते दोरे.

"शी," ती म्हणाली. "दुकानात असती तर गिऱ्हाईक येण्याआधी लपवली असती."

पिना पुन्हा ठोकायला काही नव्हतं. सामान बांधायची दोरी तिने सीटच्या खालून आडवीतिडवी ओवली आणि चारपाई विणावी तशी आवळली. धाकटीने दोरीचं टोक पायाने दाबून धरलं. तेवढ्यात फोन वाजला आणि धाकटीने तो वहिनीच्या कानाशी धरला.

"किती वेळ?" दादा विचारत होता. "सारखी विचारतेय ती."

"फोन द्या तिच्याकडे."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, तुटक आणि जड.

"येतेय गं मी," वहिनी म्हणाली. तिने दाताने दोरीची गाठ आवळली. "दोरी बांधतेय, झालीच."

ब्रेक निवला. धाकटीने पॅडल दाबलं, पुन्हा दाबलं. घट्ट लागलं. सीट बसवली. वहिनी चढून बसली, जोरात पुढे सरकून पाहिलं. कापडाने तिला धरून ठेवलं.

"आता नियम मी सांगते," ती म्हणाली. "मी बोलत राहणार. तू ऐकायचं. हात टाकीवर ठेवणार. आणि तुझ्याकडून चुकलं तर तूही सांगायचं."

"मी शिकवते गाडी," धाकटी हेल्मेटचा पट्टा आवळत पुटपुटली.

"शिकवतेस ना? मग आज शीक."

पहिलं वळण आलं. धाकटीचे खांदे कानाला लागले होते.

"टेकले नाहीये मी तुला," मागून आवाज आला. "जागेवर आहे. हात टाकीवर. वळ तू."

गाडी वळली.

"जागेवर आहे. पुढे बस येतेय. दिसली ना?"

"दिसली."

"खांदे सोड. मला मागूनसुद्धा दिसतायत."

धाकटीने खांदे सोडले. वहिनी प्रत्येक वळणावर बोलत राहिली. जागेवर आहे. थोडी सरकले, थांब, गेले मागे. आता ठीक. एका वळणावर धाकटी ओरडून म्हणाली, "इथे मला भीती वाटतेय!" आणि मागून उत्तर आलं, "मलाही! हळू घे!" तिने हळू घेतली. घाट खाली खाली गेला, दरी उथळ झाली, मग शेतं लागली, मग घरं.

दवाखान्याच्या आवारात दादा उभा होता. वहिनी हेल्मेट न काढताच आत पळाली. जिन्यावर एका नर्सने तिला अडवून ते काढून घेतलं.

दादाने गाडीभोवती एक फेरी मारली. सीटपाशी थबकला. "हे असलं काम हिने केलं? दोरे लोंबतायत."

"वहिनीनेच. तिला काही बोलू नकोस." धाकटी टाकीकडे बघत होती. टाकीवर धूळ बसली होती आणि धुळीत दोन तळव्यांचे ठसे होते, एकाच्या बोटापाशी रक्ताचा वाळलेला ठिपका. दादाने खिशातून रुमाल काढला तसा तिने त्याचा हात धरला. "राहू दे ते."

दोघं वर गेले. लांब बोळाच्या टोकाला एक बंद दार होतं. आत मुलगी कण्हत होती, कण्हता कण्हता एकदम गप्प झाली. धाकटी दाराजवळ सरकली.

मग आतून वहिनीचा आवाज आला, घाटात होता तसाच, मोठा आणि सरळ.

"गप्प बसायचं नाही. कसं होतंय ते सांगत राहा मला. मी इथेच आहे, हलले नाहीये. सांग."

आणि मुलगी मोठ्याने सांगू लागली.